वेशीजवळच्या विहिरीचे पाणी

शास्त्रभाग : २ शमुवेल २३:८–३९. जोडीने वाचावे : १ शमुवेल ३०:२१–२५, मत्तय १:६.

दरवर्षी डिसेंबर महिन्याच्या ७ तारखेस आपल्या देशात सशस्त्र सेना ध्वजदिन पाळण्यात येतो. हा प्रघात १९४९ साली सुरू झाला. त्या दिवशी लहानसा ध्वज छातीवर लावून जो तो यथाशक्ति निधी देतो, आणि तो निधी युद्धात कामी आलेल्यांची कुटुंबे, अपंग झालेले जवान व निवृत्त सैनिक ह्यांच्या कल्याणाकडे लावला जातो. पलटणीत नोकरी केलेला एकही मनुष्य जिच्या नात्यागोत्यात नाही, अशी खेडेगावची मंडळी विरळाच. म्हणून ह्या दिवसाच्या आधीच्या रविवारी शब्बाथशाळेत व घरोघरच्या कौटुंबिक उपासनेत उपयोगी पडावा, ह्या हेतूने हा पाठ आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

सैनिकाचा सन्मान ख्रिस्ती मनुष्याने कसा करावा, ह्याविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, युद्ध हे मानवाच्या पापाचे फळ आहे, तेव्हा मंदिरात त्याचा उच्चारही नको. दुसरे कोणी नगारे वाजवून, जयघोष करून, दुसऱ्या दिवशी सर्व विसरून जातात. पहिल्यांच्या मौनाने सैनिकाची विधवा एकटी पडते. दुसऱ्यांच्या घोषाने तिच्या चुलीत लाकूड येत नाही. पवित्र शास्त्र आपणांस ह्यांहून वेगळा मार्ग दाखविते.

१. नावांची यादी

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी शेवटी दाविदाच्या पराक्रमी पुरुषांची यादी आहे. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. कारण नावे अपरिचित, उच्चारावयास कठीण, आणि पुष्कळांविषयी नावापलीकडे काही सांगितलेले नाही. परंतु ती नावे शास्त्रात राहिली आहेत, ती व्यर्थ राहिलेली नाहीत.

तेथे एलाजार आहे. लढता लढता त्याचा हात थकला आणि तरवारीच्या मुठीला चिकटून बसला. तेथे शम्मा आहे. पलिष्टी चालून आले तेव्हा लोक पळाले, पण तो एका शेताच्या मध्यभागी पाय रोवून उभा राहिला. ते शेत कशाचे होते? मसुराचे. तो काही राजवाडा नव्हता की किल्ला नव्हता. कोणा गरिबाच्या घरचे वर्षाचे अन्न त्या शेतात उभे होते, आणि त्याच्या रक्षणाकरिता एका मनुष्याने आपला प्राण पणास लाविला. आमच्या शेतकरी वाचकांस त्याचे मोल सांगावयास नको.

ह्या यादीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यवाब हा सर्व सैन्याचा सेनापती होता. तथापि पराक्रमी पुरुष म्हणून त्याची गणना येथे केलेली नाही. त्याचे नाव येते ते केवळ दुसऱ्यांची ओळख पटावी म्हणून. अबीशय व असाएल हे त्याचे भाऊ, आणि नहराय हा त्याची शस्त्रे वाहणारा, असे सांगितले आहे. सेनापती यादीबाहेर राहिला, आणि त्याची शस्त्रे वाहणारा गडी यादीत आला. मनुष्ये नावे कोरतात तेव्हा बहुधा ह्याच्या उलट घडते.

ह्याचे एक उदाहरण बसऱ्याचे आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्यातील सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, आताच्या इराकात, गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून हे सैन्य कूट येथे वेढ्यात सापडले आणि अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातून चालता चालता व बंदिवासात कष्ट उपसता उपसता कित्येक मेले. त्या रणभूमीवर ज्यांच्या कबरी वा दहनस्थाने ठाऊक नाहीत, अशा ४०,००० हून अधिक सैनिकांकरिता १९२९ साली बसऱ्यास स्मारक उभारले गेले. त्यावर इंग्रज शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही नाव कोरले. परंतु साध्या हिंदी शिपायाच्या वाट्यास नाव आले नाही. पलटणीच्या नावाखाली किती मेले तो आकडा मात्र आला. असे आकड्यांत गेलेले सैनिक सुमारे ३३,००० होते.

विशेष हे की, ज्या संस्थेने हे स्मारक उभारले ती १९१७ साली स्थापन झाली तेव्हा दर्जा, वंश वा धर्म ह्यांवरून मृतांत भेद करावयाचा नाही, हेच तिचे तत्त्व होते. फ्रान्सात नव शापेल येथे १९२७ साली तिने उभारलेल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे आहेतही. आमच्या पुण्याजवळ खडकीच्या युद्धसमाधिस्थानात दुसऱ्या महायुद्धातील १,६०० हून अधिक सैनिक विसावले आहेत, आणि शिळांच्या आकारावरून थोर कोण व लहान कोण हे ओळखू येत नाही. पण दूरच्या वाळवंटात ते तत्त्व टिकले नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्याच संस्थेच्या, म्हणजे आताच्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या, चौकशी अहवालात असे मान्य करण्यात आले की, पहिल्या महायुद्धात मेलेल्या निदान १,१६,००० जणांचे, आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत जणांचे, नावानिशी स्मरण झालेच नाही. त्यांत बहुतेक आफ्रिकेतील व मध्यपूर्वेतील लोक होते. आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, सत्य बोलले गेले, हे बरे झाले.

स्वतंत्र भारताने दिल्ली येथे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक उघडले. तेथे वर्तुळाकार भिंतींवर कामी आलेल्या २५,००० हून अधिक जवानांची नावे आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःची शिळा आहे. दाविदाच्या यादीची रीत हीच होय. मेंढपाळ आपली मेंढरे नावाने ओळखतो, असे आपला प्रभु सांगतो. मग त्याच्या लोकांनी आपल्यांतील मेलेल्यांस आकड्यांवर सोडावे काय?

२. जे पाणी दाविदाने प्याले नाही

याद्या करणे हा सन्मानाचा आरंभ झाला. त्याचे हृदय मात्र १३ ते १७ ह्या ओव्यांत आहे. हंगामाचे दिवस होते. दावीद अदुल्लामाच्या गुहेत होता आणि त्याच्या जन्मगावी, बेथलेहेमात, पलिष्ट्यांचे ठाणे बसले होते. त्यास तहान लागली, आणि वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी आणून देईल तर किती बरे होईल, असे तो सहज बोलून गेला. त्याने हुकूम केला नव्हता. पण तिघा वीरांनी ते शब्द ऐकले, शत्रूची फळी फोडून ते गेले, पाणी शेंदले आणि घेऊन आले. तेव्हा दाविदाने ते पाणी ओठांस लाविले नाही. परमेश्वरापुढे त्याने ते ओतले. कारण ज्यांनी जिवावर उदार होऊन ते आणले त्यांचे रक्तच त्या पात्रात आहे, असे त्यास वाटले.

वरवर पाहता हा अपमान वाटेल. ज्याकरिता तिघांनी मरण अंगावर घेतले ते जमिनीवर ओतावे! पण विचार करणारास कळेल की, ह्याहून मोठा सन्मान दाविदाच्या हाती नव्हता. अर्पण देवाला ओततात, मनुष्याला नव्हे. हे मोल आपल्या एकट्याच्या तहानेसाठी फार मोठे आहे, असे राजाने आपल्या कृतीने कबूल केले.

येथे पाठाचा मुख्य धडा आहे. सैनिकाचा त्याग आपण पिऊन टाकण्याकरिता नाही. कोणी तो आपल्या पक्षाच्या सभेत पितो, कोणी आपल्या जातीचा टेंभा मिरविण्याकरिता पितो, कोणी शेजाऱ्याच्या देशभक्तीवर संशय घेण्याकरिता पितो. आणि आम्हां उपदेशकांपैकीही कोणी आपल्या प्रवचनाला रंग चढावा म्हणून पितो. यशवंत घाडगे हे तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतील सर्व माणसे मशीनगनच्या माऱ्याने मेली वा घायाळ झाली. ते एकटे धावून गेले, ते ठाणे त्यांनी मोडले, आणि तेथेच गोळ्या लागून पडले. वय सुमारे २२ वर्षांचे होते. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावी त्यांचा पुतळा आहे. परंतु त्यांची कबर ठाऊक नाही, आणि इटलीतील कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. असे पात्र हाती आले असता आपण काय करावे? आपली तहान बाजूस ठेवून, ते देवापुढे नम्रतेने ओतावे.

३. यादीचे शेवटचे नाव

आता यादीच्या शेवटाकडे पाहा. एकोणचाळिसाव्या ओवीत शेवटचे नाव उरीया हित्ती ह्याचे आहे, आणि लगेच एकंदर सदतीस अशी बेरीज देऊन अध्यायाचा हा भाग संपतो. उरीया कोण, हे शब्दशाळेतील मुलासही ठाऊक आहे. तो परजातीचा, पण निष्ठेने सर्वांच्या वर. आपले सोबती उघड्या रानात तळ देऊन असता आपण घरी सुखाने निजणे त्यास पटले नाही, म्हणून तो राजवाड्याच्या दारी निजला. आणि त्याच राजाने, आपले पाप झाकण्यासाठी, राब्बा नगराच्या तटाखाली त्यास मारविले. मरणाची आज्ञा असलेले पत्रही त्याच्याच हाती दिले होते.

जगातील दरबारी लेखकाने हे नाव गाळले असते. शास्त्राने ते गाळले नाही. शेकडो वर्षांनी मत्तयाने आपल्या प्रभूची वंशावळ लिहिली, तेव्हा शलमोनाच्या आईचे नाव न देता ती उरीयाची स्त्री होती, असे त्याने लिहिले. राजाने ज्याला नाहीसे केले त्याचे नाव देवाने आपल्या पुत्राच्या वंशावळीत जिवंत ठेविले. ह्यावरून आपण हे शिकावे की, सैनिकाचे स्मरण म्हणजे केवळ त्याने आपल्याकरिता काय केले ते आठवणे नव्हे. त्याला आपण कसे वागविले तेही आठवणे होय.

महाराष्ट्राच्या इतिहासात ह्याला जुळणारी गोष्ट आहे, आणि आमच्या पुष्कळ मंडळ्यांच्या वाडवडिलांशी तिचा संबंध आहे. कंपनी सरकारच्या मुंबईच्या सैन्यात महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते; भीमा नदीकाठच्या कोरेगावच्या स्तंभावर, १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांत, त्यांची नावे आहेत. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, अमुक जाती तेवढ्या लढाऊ असे मत सरकारदरबारी प्रबळ झाले आणि महारांची भरती बंद पडली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे ह्यांच्या पुढाकाराने विलायत सरकारकडे अर्ज गेला. दाद लागली नाही. पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी करण्यात आली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो! दुसरे महायुद्ध पेटल्यावर, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही भारतीय सेनेत आहे, आणि तिचे मेजर रामस्वामी परमेश्वरन ह्यांस १९८७ साली श्रीलंकेत आलेल्या मरणानंतर परमवीर चक्र देण्यात आले.

ही हकीगत आम्ही जुनी जखम उकरण्याकरिता सांगत नाही. ज्याने आपल्या रक्ताने निष्ठा सिद्ध केली त्याला पुन्हा दाराबाहेर उभे करणे, हे पाप कोणत्याही राजाच्या, सरकारच्या, आणि हो, मंडळीच्याही हातून घडू शकते, एवढेच ध्यानात यावे.

४. सामानाजवळ राहिलेल्यांचा वाटा

बसोर ओहोळाची गोष्ट १ शमुवेलाच्या तिसाव्या अध्यायात आहे. चारशे जण पुढे लढावयास गेले. दोनशे इतके थकले होते की ओहोळ उतरवेना, म्हणून ते सामानाजवळ राहिले. लूट घेऊन परत आल्यावर काही दुष्ट लोक म्हणू लागले की, जे आले नाहीत त्यांस वाटा नाही. दाविदाने ते मान्य केले नाही. जो लढला त्यास आणि जो सामानाजवळ राहिला त्यास सारखाच वाटा, असा नियमच त्याने करून ठेविला.

सैन्य म्हणजे केवळ बंदूकधारी नव्हेत. स्वयंपाकी, खेचरे हाकणारे, डोलीवाले, धोबी, मोची, हेही रणात गेले व मेले. कूटच्या वेढ्यात असे हजारो होते. लष्करी रुग्णालयांतील परिचारिकांत ख्रिस्ती मुली पिढ्यान्‌पिढ्या सेवा करीत आल्या आहेत. आणि सर्वांत मागे, घरी, सामानाजवळ राहिलेली असते ती सैनिकाची पत्नी. ती शेत करते, सासूसासऱ्यांस पाहते, मुलांस शाळेत धाडते, आणि तारेची, पत्राची, आता दूरध्वनीची, वाट पाहते. तिचा वाटा कोण देतो?

शिवाय जो जिवंत परत येतो त्याचा विचार करा. नामदेव जाधव हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांस एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या चढावरून व सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित आणले, आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ सालापर्यंत जगले. पराक्रमाचा दिवस एक, आणि त्यानंतरची वर्षे एकोणचाळीस! त्या एका दिवसाचा गौरव राष्ट्र करते. मागाहूनची दीर्घ वर्षे मात्र सैनिक आपल्या गावात, आपल्या शेजाऱ्यांमध्ये, आपल्या मंडळीत काढतो. ती वर्षे कशी जातील हे बहुतांशी आपल्या हाती आहे.

५. सन्मानाची मर्यादा

येथे एक सावधगिरीही सांगणे अवश्य आहे. ज्या दाविदाने आपल्या वीरांची नावे जपली, त्यालाच परमेश्वराने मंदिर बांधू दिले नाही; त्याने पुष्कळ रक्त पाडले होते, हे कारण १ इतिहासाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. शास्त्र वीराचा मान राखते, पण रक्ताला पवित्र म्हणत नाही. सैनिकाचे मरण थोर आहे, तरी ते तारण देणारे मरण नव्हे. आपला प्रभु शत्रूंकरिता मेला. ते मरण एकच, आणि त्याच्या तोडीस दुसरे कोणतेही ठेविता येत नाही. म्हणून आपल्या मेलेल्यांची नावे घेताना, पलीकडच्या आईचाही मुलगा मेला आहे, हे आपल्या प्रार्थनेत असावे. ज्यांनी रणभूमी पाहिली असे जुने सैनिकच ही गोष्ट आपणांस उत्तम सांगतील. युद्धाचे गोडवे ते बहुधा गात नाहीत.

६. मंडळीने काय करावे

पहिले, प्रत्येक मंडळीने एक वही करावी. आपल्या मंडळीतून वा गावातून जे जे सैन्यात गेले, जिवंत असोत वा मृत, त्यांचे नाव, पलटण व वर्ष तीत लिहावे. स्वयंपाकी व परिचारिका ह्यांस गाळू नये. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या आपल्या ४६ जणांची आठवण जपली आहे, आणि गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्दच जडला आहे. एका खेड्यास हे साधते, तर मंडळीस का साधू नये?

दुसरे, ध्वजदिनाच्या आधीच्या रविवारी ती नावे उपासनेत मोठ्याने वाचावी, क्षणभर स्तब्ध उभे राहावे, आणि प्रार्थना करावी. भाषणे नकोत.

तिसरे, म्हातारा सैनिक वा विधवा निवृत्तिवेतनाच्या कागदांपायी हेलपाटे घालीत असेल, तर लिहितावाचता येणाऱ्या तरुणाने त्यांजबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. अर्ज भरून देणे, दाखला मिळवून देणे, ही लहान कामे वाटतात. पण वेशीजवळच्या विहिरीचे पाणी आणणाऱ्याला आपण देऊ शकतो तो वाटा हाच आहे.

चौथे, ज्याच्या मनावर युद्धाचे ओझे आहे, जो रात्री दचकून उठतो, एकटा बसतो, अथवा मद्याकडे वळला आहे, त्याला दोष देण्याची घाई करू नये. त्याच्या दारी जावे, शेजारी बसावे. तो बोलला तर ऐकावे. न बोलला तर खोदून विचारू नये. गरज दिसल्यास त्यास वैद्याकडे न्यावे. त्यात कमीपणा नाही.

विचार करण्याकरिता प्रश्न

१. मसुराच्या शेताचे रक्षण शास्त्राने नोंदून ठेवण्याजोगे का मानले असेल?

२. दाविदाने पाणी ओतले, ह्याने त्या तिघांचा मान वाढला की कमी झाला? कारण सांगा.

३. उरीयाचे नाव यादीत ठेवल्याने दाविदाच्या राज्याविषयी आपणांस काय कळते?

४. आपल्या गावात सामानाजवळ राहिलेले कोण आहेत? त्यांची नावे सांगता येतील काय?

५. ह्या आठवड्यात आपण कोणाच्या दारी जाणार?

मुखोद्गत करावयाचे वचन : योहान १५:१३.